भावाला स्टेंट बसले, तरी माझा व्यायाम काही सुरू होत नाही

एका वाचक ताईंचं पत्र आलंय, ते थोडक्यात असं. वय ४६, वडोदऱ्यात मांजलपूरला राहतात, अलकापुरीत एका ऑफिसात अकाउंट्सचं काम, जाणं-येणं ॲक्टिवाने. मे महिन्यात त्यांच्या ५२ वर्षांच्या मोठ्या भावाला हार्ट अटॅक आला, दोन स्टेंट बसले. वडीलही ५८ व्या वर्षी हार्टनेच गेले. त्यांचं स्वतःचं बीपी १३८/८८, उपाशीपोटी शुगर ११२, डॉक्टर म्हणाले रोज चाला. जानेवारीत जिमची वर्षाची फी भरली, काही आठवडे गेल्या, मग सुटलं ते सुटलंच. हातातलं घड्याळ रोज साडेतीन हजार पावलांवर अडकतं, दहा हजार कधी होत नाहीत. दिवसभर घरात उभीच असते तो व्यायाम नाही का, असं त्या विचारतात. मिस्टर रोज सकाळी सव्वासहाला मित्रांबरोबर चालायला जातात, तेव्हा यांचे डबे चालू असतात. नवरात्रात मात्र नऊच्या नऊ रात्री गरबा खेळतात, यंदा त्याचीही भीती वाटतेय. घराण्यातच हार्ट आहे तर चालून काय फरक पडणार, असंही मनात येतं. भावाला वहिनी जिनासुद्धा चढू देत नाहीत, ते बरोबर आहे का तेही विचारलंय. आणि शेवटी, "मी मुळातच आळशी आहे, मोटिव्हेशन कुठून आणू?"

नमस्कार ताई,

तुमचा तो शेवटचा प्रश्न मी आधी घेते, कारण बाकी सगळं त्याच्यावर अडकलंय. तुम्ही स्वतःला आळशी म्हणताय पण त्याच पत्रात तुमचा दिवस लिहिलाय आणि त्या दिवसात आळसाला बसायला जागाच नाहीये. साडेपाचला उठणं, तीन डबे, सासूबाईंच्या गोळ्या आणि चहा, नऊच्या आत गाडी काढून अलकापुरी, दिवसभर खुर्ची, साडेसहाला घरी आणि परत ओटा. आणि मधेच एका ओळीत, अगदी सहज, मिस्टर सव्वासहाला चालायला जातात तेव्हा माझे डबे चालू असतात. माझ्या मते तुमचं अर्धं उत्तर त्या ओळीत आहे. तुमच्या घरात सकाळच्या चालण्याला वेळ आहे ताई, फक्त तो एकाच माणसाच्या नावावर आहे.

हे मी मिस्टरांना दोष द्यायला म्हणत नाहीये, ते चालतात हे उत्तमच आहे, त्यांनी चालत राहावं. पण हे फक्त तुमच्याच घरातलं नाही. २०२४ मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये जगभरच्या शारीरिक हालचालीचे आकडे आले होते, त्यात २०२२ साली भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत असं दिसलं, आणि पुरुष साधारण ४२ टक्के तर बायका ५७ टक्के. हा फरक स्वभावाचा आहे असं मला वाटत नाही. सकाळचा आणि संध्याकाळचा जो मोकळा वेळ असतो, अंधार व्हायच्या आतला, गर्दी आणि ऊन नसलेला, नेमका तोच वेळ बायकांचा स्वयंपाकघरात जातो. मग उरलेल्या वेळात व्यायाम जमला नाही की आपण म्हणतो माझ्यातच काहीतरी कमी आहे.

आता मोटिव्हेशन. आपण धरून चालतो की आधी मनातून इच्छा येते आणि मग पाय उचलतो, आणि इच्छा येत नसेल तर स्वतःला आणखी घाबरवायचं, भावाचे रिपोर्ट आठवायचे, मोबाईलवर हार्ट अटॅकचे व्हिडिओ बघायचे. याच्यावर ब्रिटनमधला एक प्रयोग आहे, २००२ साली छापून आलेला. जवळपास अडीचशे कॉलेजच्या मुलामुलींचे तीन गट केले. एका गटाला विशेष काही सांगितलं नाही, दुसऱ्याला हृदयविकाराचा धोका आणि व्यायामाचे फायदे यावरची माहिती वाचायला दिली, तिसऱ्याला तीच माहिती दिली आणि वर एक वाक्य स्वतःच्या हाताने लिहायला लावलं, येत्या आठवड्यात कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठे व्यायाम करणार. पहिल्या गटातल्या ३८ टक्क्यांनी त्या आठवड्यात व्यायाम केला, माहितीवाल्या गटात ३५ टक्के, म्हणजे धोका कळल्याने काहीच वाढलं नाही, आणि वाक्य लिहिणाऱ्यांपैकी ९१ टक्क्यांनी केला. प्रयोग छोटा होता, एका आठवड्याचा होता, सगळे तरुण होते, त्यामुळे प्रत्येकाला असंच होईल असं नाही. तरी मला तो फार मोलाचा वाटतो, कारण त्या दुसऱ्या गटातल्या मुलांना धोका पटला नव्हता असं नाही, इच्छाही वाढली होती, फक्त ती इच्छा कुठल्या वारी किती वाजता उतरायची ते ठरलेलं नव्हतं. तुमचंही तसंच आहे. तुम्हाला धोका माहितीये, तुमच्या घरात दोनदा येऊन गेलाय तो. अजून घाबरून काही मिळणार नाही.

दुसरी गोष्ट त्या दहा हजारांची. हा आकडा कुठल्या डॉक्टरांच्या कमिटीने ठरवलेला नाहीये. टोकियो ऑलिम्पिकनंतर १९६५ मध्ये जपानमधल्या एका कंपनीने पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं आणि त्याचं नावच मुळी 'दहा हजार पावलांचा मीटर' असं ठेवलं, तिथून तो जगभर पसरला आणि आता आपल्या मनगटावर येऊन बसलाय. २०१९ साली अमेरिकेत साधारण १६,७०० वयस्कर बायकांवरचा अभ्यास आला, सरासरी वय ७२. त्यात दिवसाला २,७०० च्या आसपास पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी होतं, आणि साधारण साडेसात हजारांच्या पुढे फायदा वाढायचा थांबला. अशा अभ्यासात जी बाई जास्त चालते ती मुळात तब्येतीनेच चांगली असू शकते, हे मान्य. पण दिशा बघा. सगळ्यात मोठा फरक खालच्या टोकाला आहे, म्हणजे तुम्ही आत्ता जिथे आहात बरोबर तिथे. तुमच्या साडेतीन हजारांचे पाच हजार होणं हे कोणाच्या तरी नऊ हजारांचे साडेदहा हजार होण्यापेक्षा खूप मोठं काम आहे, आणि पंधराशे पावलं म्हणजे बरं चालणाऱ्या माणसाला साधारण पंधरा मिनिटं लागतात.

पंधरा मिनिटांवरून आठवलं, तैवानमध्ये चार लाखांहून जास्त लोकांवरचा अभ्यास २०११ मध्ये लॅन्सेटमध्ये आला होता. त्यात दिवसाला सरासरी फक्त पंधरा मिनिटं हालचाल करणाऱ्यांचं आयुर्मान काहीच न करणाऱ्यांपेक्षा सुमारे तीन वर्षांनी जास्त निघालं. तेव्हा "एक तास जमत नाही म्हणून करत नाही" हे गणित मनातून काढून टाका. जिमचं तेच झालं असणार, जायला वीस मिनिटं, तिथे एक तास, यायला वीस मिनिटं, आंघोळ, असा पावणेदोन तासांचा खड्डा तुमच्या दिवसात कुठे पडणार होता?

मग नियम नक्की काय आहे? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांप्रमाणे मोठ्या माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम करावा, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा, किंवा दोन्हीचं मिश्रण, आणि आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायूंना ताकद लागेल असं काहीतरी. आधी म्हणायचे की सलग दहा मिनिटं तरी झाली पाहिजेत तरच धरायची, ती अट या वेळी काढून टाकली. पाच मिनिटं आत्ता, सात मिनिटं नंतर, सगळं जमा होतं. आणि त्याच सूचनांत हेही स्पष्ट लिहिलंय की थोडी हालचाल ही अजिबात नसण्यापेक्षा चांगली. १५० हा तुमचा पहिल्या आठवड्याचा पेपर नाहीये, तिथे हळूहळू पोचायचंय.

घरकाम धरायचं का, तर हो, जागतिक आरोग्य संघटनाही घरकाम धरते, पण त्यात एक अट आहे की त्या कामाने श्वास वाढायला हवा. मध्यम व्यायाम ओळखायला मशीन लागत नाही, चालता चालता बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही ती मध्यम गती, आणि दोन-तीन शब्दांपलीकडे वाक्य पुरं होत नसेल तर ती जोराची. आता बघा, ओट्यापाशी उभं राहून पोळ्या लाटताना तुम्ही अख्खी आरती म्हणू शकता, म्हणजे पाय दुखतात, कंबर भरून येते, थकवा खरा असतो, पण हृदयाला काम पडत नाही. उभं राहून होणारा थकवा आणि व्यायाम यांची आपल्याकडे कायम गल्लत होते आणि त्यात बायकांचं फार नुकसान होतं, कारण संध्याकाळी थकलेली बाई म्हणते माझं आज भरपूर झालं, आणि कोणीच तिला खोटं ठरवू शकत नाही. गाद्या उचलणं, बादल्या घेऊन जिना चढणं, वाकून जोरात फरशी पुसणं, ते मात्र खुशाल धरा.

जिन्यावरून अजून एक सांगते. व्यायाम आणि हृदय यांचा संबंध पहिल्यांदा ठसठशीत दिसला तो कुठल्या जिममध्ये नाही, लंडनच्या बसमध्ये. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी १९५३ मध्ये लॅन्सेटमध्ये छापलं की डबलडेकर बसच्या ड्रायव्हरांपेक्षा कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो. एकच कंपनी, साधारण एकाच थरातली माणसं, फरक काय तर ड्रायव्हर जवळजवळ अख्खी शिफ्ट बसून आणि कंडक्टर तिकिटं फाडत दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढणारा. लोकांना शंका आली की जाडी माणसं आधीच ड्रायव्हर होत असतील, तर मॉरिसनी युनिफॉर्मच्या पँटीचे कंबरेचे मापच काढले, आणि ड्रायव्हरांच्या कंबरा खरंच मोठ्या निघाल्या, पण नंतर जाड-बारीक वेगवेगळे करून बघितलं तरी कंडक्टरांनाच धोका कमी. कोणी त्यांना मोटिव्हेट केलं नव्हतं, जिना कामाच्या वाटेतच होता. तुमचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर आहे ना, मग सकाळचं एकदा आणि जेवणाच्या सुट्टीतलं एकदा, लिफ्ट विसरून जा. पहिल्या आठवड्यात एक मजला चढून लिफ्ट घेतलीत तरी चालेल.

आता "घराण्यातच हार्ट आहे". याच्यात खरं किती ते नीट बघू. वडील किंवा भाऊ यांना ५५ च्या आत, आई किंवा बहिणीला ६५ च्या आत हार्टचा त्रास झाला असेल तर डॉक्टर तो घराण्याचा धोका धरतात. तुमचा भाऊ त्यात बसतो, वडील थोडक्यात बसत नाहीत. शिवाय आपल्या दक्षिण आशियाई लोकांना पहिला अटॅक लवकर येतो, इतर देशांच्या मानाने साधारण पाच-सहा वर्षं आधी, सरासरी ५३ च्या आसपास. तेव्हा तुमची काळजी मनाची नाहीये, तिला आधार आहे. पण यावरून तुम्ही काढलेला निष्कर्ष उलटा आहे. २०१६ मध्ये एक मोठा अभ्यास आला, ज्यांच्या जनुकांतच धोका सगळ्यात जास्त होता अशा लोकांमध्येसुद्धा सिगरेट नाही, वजन आटोक्यात, नियमित व्यायाम, बरं खाणं यातलं बहुतेक पाळणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका न पाळणाऱ्यांपेक्षा जवळपास निम्मा होता. आणि २००४ चा ५२ देशांतला इंटरहार्ट अभ्यास म्हणतो की हार्ट अटॅकचा नव्वद टक्के धोका नऊ गोष्टींत सापडतो, त्यात बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, तंबाखू, पोटाचा घेर, मनावरचा ताण, फळं-भाज्या, दारू आणि व्यायाम. घराण्याचा इतिहास त्यात मिळवल्यावर आकडा जेमतेम हलला, कारण घराणं आपला बराचसा धोका याच गोष्टींमधून आपल्यापर्यंत पोचवतं, तेच फाफडा-गाठियाचं ताट, तीच सोफ्याची जागा, तीच "अजून काही होत नाही" म्हणायची सवय. तुमचं बीपी आणि शुगर दोन्ही आज अशा जागी उभे आहेत की ज्यांना चालण्याने मागे ढकलता येतं. हाय बीपी असलेल्यांमध्ये नियमित चालण्यासारख्या व्यायामाने वरचा आकडा साधारण ५ ते ८ ने उतरतो, आणि जेवणानंतर थोडं चाललं की जेवणानंतरची शुगर कमी चढते. शिवाय पाळी थांबायच्या वयाला आलात, त्यानंतर बायकांचा हृदयाचा धोका वाढत जातो, म्हणून पुढची दोन-चार वर्षं हातातून घालवू नका.

तर करायचं काय. आधी मिस्टरांशी बोला, आणि बोलताना "मला कधी वेळच मिळत नाही" अशी तक्रार करू नका, कारण त्यावर "मग काढ ना वेळ" एवढंच उत्तर येतं. वार सांगा. "सोमवार-बुधवार-शुक्रवार तुम्ही चाला, मंगळवार-गुरुवार-शनिवार सव्वासहा ते पावणेसात मी जाते, त्या दिवशी डबे तुमच्याकडे." पोळ्या येत नसतील तर आदल्या रात्रीचे थेपले डब्यात जातील, मुलं कॉलेजची आहेत, कांदेपोहे स्वतः करू शकतात. पहिल्या आठवड्यात ओटा कसा ठेवलाय ते बघून परत हातात घेऊ नका, ही माझी कळकळीची विनंती, कारण बऱ्याच घरांमध्ये गाडी तिथेच उलटी फिरते. ते नाहीच म्हणाले तर रात्रीचं जेवण झाल्यावर दोघं मिळून पंधरा मिनिटं सोसायटीत फिरा, भांडी परत येऊन घासायची. सासूबाईंना मालिका बघायला बसवून निघालात तर त्यांचीही हरकत नसेल.

पहिले दोन आठवडे दहा ते पंधरा मिनिटंच, वेग तुमचाच, आणि मन म्हणालं "अजून थोडं" तरी परत फिरायचं. मग दर आठवड्याला चार-पाच मिनिटं वाढवा. श्रावणात आपल्याकडे रस्त्यांची काय अवस्था असते ते सांगायला नको, पाणी, खड्डे, अंधारात गायी, म्हणून पावसाळ्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये फेऱ्या मारा, गच्ची मोकळी असेल तर गच्चीवर. रविवारी दोघं कमाटीबागेत जा. १८७९ सालची बाग आहे आपली, झाडांखालून चालताना ऊन लागत नाही, आणि सकाळी तिथे बघाल तर साडीवर स्पोर्ट्स शूज घातलेल्या साठी-सत्तरीच्या कितीतरी मावश्या भराभर चालत असतात, ड्रेस कोणता घालू, लोक काय म्हणतील हा प्रश्न त्यांनी कधीच मागे टाकलाय. फक्त चपलेवर चालू नका, टाचा दुखायला लागल्या की चालणं बंद पडतं, जिमच्या फीपेक्षा एक बरे बूट घ्या.

ताकदीचा व्यायाम म्हटलं की आपल्या बडोद्याच्या मराठी घरांत एकदम माणिकरावांचा आखाडा, दंड-बैठका, मलखांब असं डोळ्यासमोर येतं आणि बायका ते आपलं नाहीच म्हणून सोडून देतात. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत ओट्याला दोन्ही हात टेका, पाय दोन पावलं मागे घ्या, अंग सरळ ठेवून छाती ओट्याकडे न्या आणि ढकलून परत या, आठ-दहा वेळा. मग जेवणाच्या टेबलाची खुर्ची घ्या, हात न टेकता उठा आणि सावकाश बसा, आठ-दहा वेळा. सुरुवातीला पाचव्याच वेळेला मांड्या थरथरतील, थांबा, परवा परत करा. श्वास रोखू नका, बीपी असणाऱ्यांनी तर नाहीच. सूर्यनमस्कार येत असतील तर फार छान, सावकाश चार-सहापासून सुरू करा.

गरब्याबद्दल. नवरात्राला अजून दोनेक महिने आहेत, आणि हे तुमच्यासाठी चांगलं आहे, कारण तुम्हाला एक अशी गोष्ट आवडते जिच्यात व्यायाम आपोआप होतो, याच्याहून मोठं मोटिव्हेशन मी काय देणार. २०२३ च्या नवरात्रात गुजरातमध्ये गरबा खेळताना लोक कोसळल्याच्या बातम्या आल्या, आयोजकांना ॲम्ब्युलन्स आणि मेडिकल टीम ठेवायला सांगितलं गेलं, तेव्हापासून घराघरात ही भीती बसलीये. त्यातलं तत्त्व समजून घ्या. १९९३ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात दिसलं होतं की एकदम जोराची मेहनत केली की त्यानंतरच्या तासाभरात अटॅकचा धोका थोड्या वेळापुरता वाढतो, जे एरवी काहीच करत नाहीत त्यांच्यात तो कितीतरी पटींनी वाढतो आणि जे आठवड्यातून पाच-सहा वेळा व्यायाम करतात त्यांच्यात त्या मानाने खूपच कमी. एकूण बघता अशी घटना कोणा एकाच्या बाबतीत घडणं तसं विरळाच, पण वर्षभर खुर्ची आणि नऊ रात्री दोढियुं (गरब्याचाच एक प्रकार), वर उपास, पाणी कमी, झोप तीन-चार तास आणि सकाळी परत ऑफिस, हे तुमच्या घराण्याचा इतिहास बघता मी करू देणार नाही. आत्तापासून चालायला लागा, भाद्रपदात चालण्यात मधे मधे मिनिटभर जोराचा वेग घाला, घरात गाणं लावून दहा मिनिटं त्रण ताळी, म्हणजे तीन टाळ्यांचा गरबा, खेळा. मग नवरात्रात एक दिवसाआड जा, सुरुवातीची पंधरा मिनिटं सावकाश, दर राऊंडनंतर बसून पाणी, आणि उपास असेल त्या दिवशी फळं-दूध-साबुदाणा काहीतरी पोटात असू दे, बीपीच्या गोळ्या सुरू झाल्या असतील तर उपासाच्या नावाखाली सोडायच्या नाहीत.

पण हे सगळं करायच्या आधी डॉक्टरांकडे एकदा जाऊन या, भावाचं वय आणि वडिलांचं वय दोन्ही त्यांना सांगा, कारण ते विचारतीलच असं नाही. कोलेस्टेरॉलची तपासणी तुमच्या पत्रात कुठे दिसली नाही, ती करून घ्या, तीन महिन्यांची शुगर आणि ईसीजी पण. साधं चालायला कोणाच्या परवानगीची वाट बघायची गरज नाही, जर चालताना काही त्रास होत नसेल तर, मात्र गरब्यासारखी जोराची मेहनत करायची की नाही ते त्यांना विचारून. आणि व्यायाम सुरू झाला म्हणून लागणारी गोळी टळेल असं समजू नका, दोन्ही आपापलं काम करतात.

एक मात्र पक्कं लक्षात ठेवा, आणि हे पत्र वाचणाऱ्या सगळ्याच बायकांनी ठेवा. चालताना किंवा जिना चढताना छातीत दाब, जडपणा, जळजळ, डाव्या हातात, जबड्यात, पाठीत कळ, नेहमीपेक्षा वेगळी धाप, अचानक गार घाम, मळमळ, चक्कर, किंवा कारण नसताना गळून जाणं, यातलं काहीही झालं तर तिथेच थांबायचं. थांबल्यावर गेलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं, आणि काही मिनिटांत गेलं नाही तर १०८ ला फोन. बायकांमध्ये छातीत न दुखता नुसती मळमळ, धाप किंवा पाठदुखी असंही होतं आणि मग घरात ओवा-सोडा देऊन "गॅस आहे" म्हणत तास दोन तास जातात. ते तास फार महागात पडतात ताई. स्वतः गाडी चालवत दवाखान्यात जायचं नाही.

मधे खंड पडेल. पाहुणे येतील, ताप येईल, मार्च एंडिंगला तुम्ही नऊ वाजता घरी याल. लंडनमध्ये ९६ जणांवर सवय कशी लागते ते बघितलं होतं, तर एखादी गोष्ट अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कोणाला १८ आणि काहींचा अंदाज २५४ पर्यंत गेला, आणि मधला एखादा दिवस चुकल्याने काही बिघडलं नाही. म्हणून "आता तुटलंच" असं म्हणू नका, आठवडाभर बंद राहिलं असेल तर निम्म्या वेळापासून परत सुरू करा. आणि मोजायचंच असेल तर पावलांऐवजी आठवड्यात किती वेळा घराबाहेर पडलात ते कॅलेंडरवर पेनाने लिहा.

आता भावाचं. वहिनींची भीती मला कळते, त्यांनी त्या रात्री जे बघितलं ते बघितल्यावर कोणीही असंच करेल, त्यांना रागावू नका. पण अटॅकनंतर नुसतं जपून बसवून ठेवणं हृदयाच्या भल्याचं नसतं. स्टेंटनंतर डॉक्टरांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने व्यायाम वाढवायचा कार्यक्रम असतो, कार्डियाक रिहॅब म्हणतात, आणि त्याने हृदयविकाराने होणारे मृत्यू आणि परत ॲडमिट व्हायचं प्रमाण कमी होतं हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. पुढच्या फॉलोअपला तुम्ही किंवा वहिनी बरोबर जा आणि कागदावर लिहून तीन गोष्टी विचारा. आज किती मिनिटं चालायचं आणि दर आठवड्याला किती वाढवायचं, नाडी किती ठोक्यांच्या वर जाऊ द्यायची नाही, आणि जिना कधीपासून. उत्तर वहिनींच्या समोर डॉक्टरांच्या तोंडून येऊ दे, तुम्ही सांगितलंत तर त्यांना पटणार नाही. परवानगी मिळाली की सुरुवातीला त्याला एकटं पाठवू नका, रविवारी तुमच्याबरोबर घ्या, वेग त्याचा ठेवा. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत, बरं वाटतंय म्हणून तर अजिबात नाही. आणि डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायची गोळी लिहून दिली असेल तर ती घरातल्या औषधाच्या डब्यात नको, चालायला निघताना त्याच्या शर्टाच्या खिशात हवी.